दारातला दिवा आणि त्याचा हिशेब



मागील अंकात उन्हाळ्यातील पाणीसाठ्याचा हिशेब आपण मांडला होता. या वेळी विषय आहे घराबाहेरच्या, सुरक्षिततेसाठी लावलेल्या दिव्यांच्या खर्चाचा. चातुर्मास तोंडावर आला असताना हा विषय का काढला, असे काही भगिनींना वाटेल. परंतु दारातल्या दिव्याची खरी किंमत पावसाळ्यातच डोळ्यांसमोर येते, हे आमच्या घराने अनुभवाने शिकले. ते शिकणे आम्हाला थोडे महाग पडले. वाचकांना ते स्वस्तात मिळावे, एवढाच या लेखाचा हेतू.

बोदवडमधील आमचे घर जुन्या वळणाचे आहे. पुढे ओसरी व लोखंडी फाटक, एका बाजूला अरुंद बोळ, मागे परसदार. तेथे पाण्याची टाकी आणि कपडे धुण्याची मोरी. उन्हाळ्यात नळाला पाणी केव्हा येईल याचा नेम नसतो, त्यामुळे रात्री-अपरात्री परसात जावेच लागते. कापसाच्या हंगामात यजमानांना घरी येण्यास उशीर होतो, मुलगा शिक्षणासाठी जळगावला. म्हणजे हिवाळ्यातल्या बहुतेक रात्री घरात आम्ही दोघीच. मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही सारे ‘बाई’ म्हणतो. त्यांनी नुकतीच ऐंशी वर्षे पूर्ण केली आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात गल्लीतील एका बंद घराचे कुलूप तुटले. चोरीस गेले ते फारसे नव्हते, पण साऱ्या गल्लीची झोप गेली. आठवड्याभरात सहा घरांवर पांढरेशुभ्र फोकस चढले. आम्हीही मागे राहिलो नाही. ५० वॉटचा एलईडी फोकस ११०० रुपये, वायर ४५० रुपये आणि वायरमनची मजुरी ४०० रुपये, असे १९५० रुपयांत काम झाले. संध्याकाळी साडेसहाला दिवा लागे आणि सकाळी साडेसहाला विझे. फाटकापासून समोरच्या घराच्या भिंतीपर्यंत उजेड पडे. एवढ्या कमी पैशांत निश्चिंती मिळाली, या समाधानात हिवाळा व उन्हाळा गेला.

पुढे पहिला पाऊस झाला. आपल्याकडच्या काळ्या जमिनीतून पहिल्या पावसानंतर काय काय वर येते, हे खानदेशातल्या वाचकांना सांगायला नको. वाळवीचे पंख फुटलेले थवे निघतात, हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात, नाना रंगांची पाखरे दिव्याभोवती घोंगावू लागतात. शेतकरी बंधू याच ओढीचा उपयोग करून शेतात प्रकाश सापळे लावतात आणि भुंगेरे पकडतात. आमच्या ओसरीवर मात्र कोणी शेती करीत नव्हते, तरी सापळा रोज रात्री बारा तास चालू होता. सकाळी दार उघडले की फोकसखाली पंखांचा थर असे. काही जीव मेलेले, काही उलटे पडून पाय हलवीत असलेले, पाली भिंतीवर फुगून बसलेल्या.

बाई पहाटे ओसरीवर सामायिक करतात. निदान तोपर्यंत करीत असत. त्या आषाढात त्यांनी आपले बैठकीचे आसन आतल्या खोलीत हलविले. का, ते बोलल्या नाहीत. एके दिवशी मी लवकर उठले, तेव्हा त्या पुंजणीने एकेक जिवंत किडा हलकेच बाजूला सारीत होत्या. मला पाहून एवढेच म्हणाल्या, “बेटा, हा दिवा चोरासाठी लावला, की यांच्यासाठी?”

मला उत्तर सुचले नाही. दिवा काढावा, तर रात्रीची भीती पुन्हा दारात येऊन उभी राहते. ठेवावा, तर रोज सकाळी हे दृश्य. आणि ही भीती खोटी आहे, असे म्हणणे मला आजही प्रामाणिकपणाचे वाटत नाही. रात्री एकट्याने घर सांभाळणाऱ्या बाईला तिची भीती काल्पनिक आहे असे सांगणे फार सोपे असते. म्हणून ‘दिवा हवा की नको’ हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला आणि ‘किती, कोठे आणि केव्हा’ असा प्रश्न विचारू लागलो. या शोधात तीन गोष्टी कळल्या.

पहिली गोष्ट समोर राहणाऱ्या गुरुजींनी सांगितली. एकदा भीतभीतच ते म्हणाले, “वहिनी, राग मानू नका, पण तुमचा फोकस लागला की आम्हाला तुमचे दारच दिसत नाही.” मला ते खरे वाटेना. मुलगा सुट्टीत आला होता. त्याला फोकसच्या बरोबर खाली, दाराच्या चौकटीला टेकून उभे केले आणि मी गुरुजींच्या ओसरीवर जाऊन पाहिले. पांढऱ्या झगमगाटापलीकडे काहीही दिसत नव्हते. मुलगा हात हलवीत होता म्हणे. मला तो दिसला नाही. आपला डोळा समोरच्या सर्वांत प्रखर प्रकाशाशी जुळवून घेतो आणि मग त्याच्या मागचा व बाजूचा भाग त्याला काळा दिसतो. म्हणजे ज्या शेजाऱ्याची नजर आमच्या घराची खरी राखण करणार, त्याच नजरेवर आम्ही पैसे खर्चून पडदा टाकला होता. शिवाय गुरुजींच्या घरातले तान्हे बाळ त्या उजेडाने रात्री जागे राही, हेही त्या दिवशी कळले. सहा महिने त्यांनी खिडकीवर गोधडी टांगून काढले होते.

दुसरी गोष्ट पावसाने सांगितली. फोकसची वायर वायरमनने फाटकाच्या लोखंडी चौकटीवरून नेली होती आणि मधला जोड नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळला होता. श्रावणातल्या एका ओल्या सकाळी बाईंनी फाटकाची कडी धरली आणि त्यांच्या हाताला झिणझिण्या आल्या. दैव बलवत्तर म्हणून पायांत रबरी चपला होत्या. त्या दिवशी ४०० रुपयांची मजुरी मला आयुष्यातली सर्वांत महाग मजुरी वाटली.

तिसरी गोष्ट वीजबिलाने सांगितली. ५० वॉटचा दिवा बारा तास जळला, तर रोज ०.६ युनिट, महिन्याला १८ युनिट आणि वर्षाला २१९ युनिट वीज लागते. आकडा लहान दिसतो. परंतु महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा, १०१ ते ३०० चा वेगळा, त्यापुढे आणखी वेगळा. आणि दुसऱ्या टप्प्याचा मूळ दर पहिल्याच्या दुपटीहून अधिक असतो. फ्रिज, पंखा, मिक्सर यांनी आधीच ९०-९५ युनिट घेतले असतील, तर दारातल्या दिव्याचे बहुतेक युनिट वरच्या टप्प्यात जाऊन पडतात. त्यावर वहन आकार आणि वीज शुल्क आहेच. हिशेबाच्या सोयीसाठी आपण सरासरी १० रुपये युनिट धरू. प्रत्येकीने आपल्या बिलावरचा दर पाहून हा आकडा बदलावा. या दराने आमचा फोकस वर्षाला २१९० रुपयांची वीज पीत होता. बसविण्याचा खर्च १९५० आणि पहिल्याच वर्षाची वीज २१९०. दिवा विकत घेताना दुकानदार पहिला आकडा सांगतो. दुसरा सांगत नाही, आणि तो दरवर्षी येत राहतो.

येथे जुन्या वाचकांच्या मनात एक शंका येईल. पूर्वी तर ५०० वॉटचे हॅलोजन लावीत असत, त्या मानाने हे काहीच नाही. खरे आहे. तसा हॅलोजन बारा तास जाळला, तर रोजचे ६ युनिट होत. म्हणूनच तो लग्नकार्यात दोन दिवस लागे आणि उतरविला जाई. एलईडीने वीज वाचविली आणि त्याबरोबर रात्रभर दिवा जाळण्याची सवयही लावली. स्वस्ताई हा संयमाचा मोठा शत्रू आहे.

श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये अनर्थदंड विरमण हे एक व्रत आहे. संसारी माणसाकडून काही हिंसा अटळपणे होते. पण जिचे प्रयोजनच नाही, जिच्यातून कोणाचे काही साधत नाही, अशी हिंसा तरी त्याने टाळावी, हा त्या व्रताचा सरळ अर्थ. रात्री दोन वाजता निर्मनुष्य गल्लीवर जळणारा, शेजाऱ्याला दिपविणारा आणि शेकडो चतुरिंद्रिय जीवांचा बळी घेणारा आमचा फोकस कोणत्या रकान्यात जातो, हे सांगायला पंडिताची गरज नव्हती. परसात पाणी भरताना पायाखाली विंचू आहे की नाही हे दाखविणारा दिवा मात्र प्रयोजनाचा. दोन्ही दिवे एकाच बटणावर चालत होते, हीच आमची चूक होती.

मग आम्ही नव्याने आखणी केली. ती करताना जी माहिती मिळाली, ती येथे क्रमाने देते.

आधी पाखरांविषयी. किडे दिव्यावर प्रेमाने झेपावतात, हा कवींचा समज. जानेवारी २०२४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवान कॅमेऱ्यांनी किड्यांचे उडणे टिपल्यावर त्यांना दिसले, की बरेच किडे उडताना आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. अनादि काळापासून रात्री वरचे आकाशच जमिनीपेक्षा उजळ असते, त्यामुळे पाठ उजेडाकडे ठेवली की उडणे सरळ राहते. जवळ दिवा आला की तोच त्यांना आकाश वाटतो; ते त्याच्याकडे पाठ वळवीत राहतात आणि त्याच्याभोवती फिरत अडकून पडतात. बिचाऱ्यांची ती ओढ नसते, वाट चुकलेली असते. हे वाचून बाई म्हणाल्या, “म्हणजे आपण त्यांचे आकाशच चोरले.”

या ज्ञानाचा घरगुती उपयोग असा. उजेड वर व आडवा न जाऊ देता फक्त खाली पडेल अशी टोपी दिव्याला असावी. दुसरे, दिव्याचा रंग. पांढऱ्या एलईडीच्या पोटात मुळात निळा प्रकाश देणारा तुकडा असतो आणि त्यावरील पिवळसर लेपामुळे तो पांढरा दिसतो. हा निळा एलईडी शोधणाऱ्या तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. किड्यांना निळा व त्यापलीकडचा अतिनील प्रकाश अधिक जाणवतो. म्हणून खोक्यावर ६५०० के असे छापलेला निळसर पांढरा दिवा टाळावा आणि २७०० के किंवा ३००० के छापलेला पिवळसर दिवा घ्यावा. किंमत सारखीच असते, केवळ मागून घ्यावा लागतो. याने पाखरे येणे थांबत नाही. पण कमी होते. तिसरा आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे दिवा न जळणे. विझलेल्या दिव्याला एकही जीव बळी पडत नाही.

न जळता राखण करणारा दिवा म्हणजे सेन्सरचा दिवा. त्यात उष्णतेची हालचाल ओळखणारा एक डोळा असतो. माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता त्याच्यासमोरून सरकली की दिवा लागतो आणि ठरविलेल्या वेळाने आपोआप विझतो. तो अडीच मीटरच्या सुमारास उंचीवर लावावा. येणारा माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल अशी जागा निवडावी, कारण सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला लवकर कळतो. झाडाची हलणारी फांदी त्याच्यासमोर येऊ देऊ नये. मांजर आले तरी दिवा लागतो. ती तक्रार समजू नये.

मात्र त्याची एक उणीव आपल्या भागात विशेष जाणवते. वैशाखात आपल्याकडे सूर्य मावळल्यावरही भिंती तापलेल्या असतात. हवा आणि माणसाचे अंग यांच्या उष्णतेत फरक उरला नाही, की हा डोळा मंदावतो. गेल्या मे महिन्यात एका रात्री मी बोळाच्या अर्ध्यापर्यंत गेले तरी दिवा लागला नाही. म्हणून सेन्सरच्या जोडीला हाताने लावण्याचे बटण घरात, अंथरुणाजवळ असलेच पाहिजे.

आता खर्च. आमच्या घरी नव्या व्यवस्थेत तीन दिवे आले. फाटकाच्या आत एक आणि परसदारी एक, असे २० वॉटचे सेन्सरचे दोन दिवे. प्रत्येकी ९०० प्रमाणे १८०० रुपये. ओसरीवर टोपी असलेला ७ वॉटचा पिवळसर दिवा, साहित्यासह ३५० रुपये. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर सुमारे २५ मीटर, ६५० रुपये. पाइप, क्लिपा आणि पाणी न शिरणाऱ्या जोडपेट्या ४०० रुपये. बाहेरच्या दिव्यांसाठी वेगळा एमसीबी २०० रुपये. परवानाधारक वायरमनची मजुरी १२०० रुपये. एकूण ४६०० रुपये. याशिवाय साऱ्या घरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविला, त्याचे १७०० रुपये. वीज कोठे गळू लागली की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्या श्रावणातल्या सकाळी तो असता, तर धोका बराच कमी झाला असता. हा खर्च मी दिव्याच्या नावावर लिहीत नाही. तो बाईंच्या नावावर लिहिला आहे. हे आमच्या घरचे आकडे आहेत. दुकान बदलले, भिंतीची लांबी बदलली की ते हलतील. पण प्रमाण साधारण असेच राहील.

वीज किती लागते? सेन्सरचा दिवा रात्रीत वीस वेळा दोन-दोन मिनिटे लागला असे धरले, तर वर्षाला ५ युनिट होतात. त्याचा डोळा सतत जागा असतो, त्याला थोडी वीज लागते; ती धरून एका दिव्याचे वर्षाचे १० युनिट समजावेत. ओसरीचा ७ वॉटचा दिवा संध्याकाळी साडेसहापासून रात्री दहापर्यंत जळतो. त्याचे वर्षाचे ९ युनिट. तिन्ही मिळून ३० युनिटांच्या आत, म्हणजे १० रुपयांच्या दराने सुमारे ३०० रुपये. पूर्वी २१९० होत. दरवर्षी १८९० रुपये वाचले, म्हणजे ४६०० रुपये अडीच वर्षांत वसूल. पाच वर्षांचा हिशेब मांडला, तर १९५० रुपयांत बसलेला स्वस्त फोकस विजेसह १२९०० रुपयांना पडतो आणि ४६०० रुपयांची महाग वाटणारी व्यवस्था ६१०० रुपयांना.

सौर दिव्याविषयी अनेक भगिनी विचारतात. आपल्या भागात ऊन मुबलक आहे, वायर ओढावी लागत नाही, बिल येत नाही. शेतातल्या घरासाठी किंवा लांबच्या फाटकासाठी तो उत्तम. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्याच्या काचेवर आपल्याकडची धूळ बसते, ती दर पंधरवड्याला पुसावी लागते. पावसाळ्याच्या ढगाळ आठवड्यात, म्हणजे अंधार सर्वांत दाट असताना, तो लवकर मावळतो. आणि त्याची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. बॅटरी बदलता येणारा दिवाच घ्यावा, नाहीतर सारा दिवा टाकून द्यावा लागतो. कोणताही बाहेरचा दिवा घेताना खोक्यावर आयपी ६५ हा आकडा पाहावा. त्यातला ६ म्हणजे आत धूळ जात नाही आणि ५ म्हणजे पाण्याचा फवारा झेलतो.

आता मूळ प्रश्न. दिव्याने चोरी टळते का? याचे उत्तर दोन्ही बाजूंनी मिळते. न्यूयॉर्क शहरात २०१६ साली सरकारी वसाहतींमध्ये प्रखर दिव्यांचे मनोरे उभारून प्रयोग झाला, तेव्हा घराबाहेर रात्री घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासकांना आढळले. उलट २०१५ साली इंग्लंड व वेल्समधील ६२ स्थानिक संस्थांच्या अभ्यासात, रस्त्यावरचे दिवे रात्री काही काळ बंद वा मंद केल्याने अपघात किंवा गुन्हे वाढल्याचा पुरावा सापडला नाही. माझ्या अल्पमतीला यातून एवढेच दिसते, की दिवा स्वतः कोणाला पकडत नाही. पाहणारा डोळा जागा असेल तर दिवा त्याला मदत करतो. पाहणारे कोणी नसेल तर तो चोरालाही कुलूप नीट दाखवितो.

म्हणूनच यात्रेला किंवा लेकीच्या गावी जाताना बाहेरचा दिवा चालू ठेवून जाण्याची आपली पद्धत मोडावी. भर दुपारी जळणारा दिवा म्हणजे ‘घरात कोणी नाही’ अशी दारावर लावलेली पाटीच होय. अंधार पडल्यावर लागणारा आणि उजाडल्यावर विझणारा साधा स्विच मिळतो, तो बसवावा. किंवा त्याहून चांगले म्हणजे शेजाऱ्याकडे किल्ली देऊन जावे. वर्तमानपत्र, दुधाची पिशवी दारात साचू देऊ नये. पोलीस ठाण्यात कळवून जावे. या चारही गोष्टींना जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

आपल्या घरात जे करावे, ते मोठ्या प्रमाणावरही होऊ शकते. आपल्याच महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी तेथील गावांमधले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करणारे केले गेले. गाव अंधारात गेले नाही, आकाश मात्र परत मिळाले. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसांना जे जमले, ते आपल्या गल्लीला जमण्यास काय हरकत आहे?

आमच्या गल्लीत काय झाले, तेही सांगते. सहापैकी तीन घरांनी फोकस उतरविले. एकाने तो खाली वळविला. दोघांचे अजून तसेच जळतात. त्यांना मी दोष देत नाही, कारण कुलूप तुटले होते ते त्यांच्या भिंतीपलीकडचे. भीतीला वेळ द्यावा लागतो. आम्ही चार घरांनी एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दारामागे चिकटविले आहेत. रात्री गुरुजींच्या घरात बाळ रडले आणि दिवा लागला, की मला बरे वाटते. कोणीतरी जागे आहे, हे कळते. परवा पहाटे आमचा परसातला दिवा लागला तर तेही खिडकीत येऊन उभे राहिले आणि मांजर पाहून परत गेले.

मला पूर्ण निर्धास्त झोप लागते, असे म्हणणार नाही. यजमानांना उशीर झाला की कान अजूनही फाटकाकडे असतात. पण दिवा लागला तर काहीतरी हलले आणि अंधार असला तर सारे शांत आहे, हे आता मला ठाऊक असते. फोकस रात्रभर जळत होता, तेव्हा त्या उजेडातून काहीच कळत नसे.

ओसरीखाली सकाळी आजही दोन-चार पंख सापडतात. बाई ते पाहतात, पुंजणीने हळूच सारतात आणि आपले आसन पसरतात. मागच्या आषाढी चौदसेला त्या पुन्हा बाहेर येऊन बसल्या. मी काही विचारले नाही, त्यांनी काही सांगितले नाही. माझ्या हिशेबाच्या वहीत त्या दिवशीच्या तारखेपुढे कोणताही आकडा नाही. पण साऱ्या खर्चाची वसुली मी तेथे लिहिली आहे.

या चातुर्मासात प्रत्येक घराने एक छोटा नेम करावा, अशी विनंती. एका रात्री दहा वाजता घराबाहेर यावे, रस्त्याच्या पलीकडे शेजाऱ्याच्या दारात उभे राहावे आणि तेथून आपला दिवा पाहावा. तो कोणाला काय दाखवितो, कोणाला दिपवितो आणि कोणासाठी जळतो, हे तेथूनच कळते. त्यानंतर वीजबिल हाती घ्यावे.

पुढील अंकात पावसाळ्यात धान्य निवडून साठविण्याचा हिशेब पाहू. जय जिनेंद्र.